कार्ड कोणाच्या कपाटात?

२९ नोव्हेंबर १९४१ अशी तारीख असलेलं एक निमंत्रणपत्र जर्मनीच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या कागदपत्रांत आहे. पाठवणारा राइनहार्ट हायड्रिख, नाझी राजवटीच्या सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख. बैठक ९ डिसेंबरला दुपारी बारा वाजता, त्यानंतर खाण्याची सोय. विषय होता ज्यूंच्या प्रश्नाचा 'अंतिम निकाल'. आणि ठिकाण : आंतरराष्ट्रीय गुन्हे पोलीस आयोगाचं कार्यालय, आम क्लाइनेन वान्झे १६, बर्लिन.

हा आयोग म्हणजे आजची इंटरपोल.

गल्लत नको म्हणून लगेच सांगून टाकतो : बैठक त्या इमारतीत झाली नाही. ती पुढे ढकलली गेली, पत्ता बदलला, आणि २० जानेवारी १९४२ रोजी शेजारच्याच मोठ्या तलावाकाठच्या एका आलिशान घरात ती भरली. इतिहासात ती 'वान्झे परिषद' म्हणून ओळखली जाते. युरोपातल्या ज्यूंच्या कत्तलीची सरकारी आखणी तिथे झाली. पण पहिल्या निमंत्रणावर हा पत्ता आलाच कसा? उत्तर अगदी रुक्ष आहे. हायड्रिख तेव्हा त्या आयोगाचा अध्यक्ष होता. ते त्याचंच ऑफिस होतं.

मी रोज डेटाबेसवर काम करतो, त्यामुळे असलं काही वाचलं की मला माणसांआधी तक्ते दिसतात. त्या ऑफिसात काय होतं? प्रामुख्याने कार्डं. नावं, टोपणनावं, फोटो, बोटांचे ठसे. वेगवेगळ्या देशांच्या पोलिसांनी चोर, खोट्या नोटा छापणारे, पासपोर्टात फेरफार करणारे सापडावेत म्हणून भरवशाने पाठवलेली. ती भरली गेली व्हिएन्नात, एका कामासाठी. उघडली गेली बर्लिनमध्ये, आणि उघडणारे हात वेगळे होते.

इंटरपोलचा इतिहास बहुतेक वेळा चोर-पोलीस कथेसारखा सांगितला जातो. मला तो या कार्डांचा इतिहास वाटतो. आपलं नाव कोणी लिहिलं, ते कुठे गेलं, आणि ते काढून टाका असं आपण कोणाला सांगायचं, हे त्यातले खरे प्रश्न आहेत. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळायला साठ वर्षं लागली, आणि तेही एका भांडणातून मिळालं.

सुरुवात मोनॅकोची. एप्रिल १९१४ मध्ये प्रिन्स आल्बेर पहिला याच्या पुढाकाराने २४ देशांचे पोलीस अधिकारी, वकील आणि न्यायाधीश तिथे जमले. रेल्वे आणि आगबोटींमुळे चोर एका रात्रीत दुसऱ्या देशात जायचा, आणि पोलिसांची पत्रं मात्र परराष्ट्र खात्यांच्या टेबलांवरून आठवडेच्या आठवडे फिरत बसायची. त्यावर उपाय म्हणून ज्या इच्छा तिथे नोंदवल्या गेल्या, त्यात एक होती गुन्हेगारांच्या नोंदींचं एकच आंतरराष्ट्रीय दप्तर. चार महिन्यांत पहिलं महायुद्ध पेटलं आणि सगळं बारगळलं.

दप्तराची कल्पना तेव्हा नुकतीच शक्य झाली होती, हे विसरून चालणार नाही. नाव हे ओळखीचं फार कच्चं साधन. ते बदलता येतं, त्याचं स्पेलिंग देशागणिक फिरतं. पॅरिसमध्ये बर्तियाँने १८८०च्या दशकात कैद्यांची हाडं मोजून कार्डं लावायला सुरुवात केली. मग बोटांचे ठसे आले. हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा, ही खरी अडचण होती. ती सोडवणारी वर्गवारी कलकत्त्यात घडली. १८९७ साली तिथे ठशांचं कार्यालय सुरू झालं. पद्धत ओळखली जाते साहेबाच्या, म्हणजे एडवर्ड हेन्रीच्या नावाने. डोकं मुख्यतः अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांचं. आमच्या भाषेत सांगायचं तर माणसाला पहिल्यांदाच न बदलणारी 'प्रायमरी की' मिळाली. तुम्ही नाव बदला, देश बदला, दाढी वाढवा. बोट तेच.

सप्टेंबर १९२३ मध्ये व्हिएन्नाचा पोलीसप्रमुख योहान शोबर याने मोनॅकोची कल्पना पुन्हा उचलली आणि आयोग स्थापन झाला. ऑस्ट्रिया हे साम्राज्य मोडून उरलेलं छोटं राष्ट्र होतं, पण व्हिएन्नाच्या पोलिसांकडे जुन्या साम्राज्याच्या जाडजूड फायली होत्या. मुख्यालय आपोआप तिथेच आलं. हव्या असलेल्या माणसांची माहिती आयोगाच्या नियतकालिकात छापून येऊ लागली. १९३० पर्यंत खोट्या नोटा, गुन्हेगारी नोंदी आणि बनावट पासपोर्ट यांचे वेगवेगळे विभाग झाले, १९३५ मध्ये पोलिसांचं स्वतःचं रेडिओ जाळं सुरू झालं. खरोखर कौतुक वाटावं असं काम होतं ते.

एक गोष्ट लक्षात घ्या. हा आयोग कोणत्याही करारातून जन्मला नव्हता. कुठल्याही देशाच्या संसदेने त्यावर मतदान केलं नव्हतं. पोलिसांनी पोलिसांशी केलेली ती सोय होती. त्यामुळे काम झपाट्याने व्हायचं, आणि त्याच कारणामुळे त्यावर बाहेरच्या कोणाची नजर नव्हती.

आणि कार्डावर सगळेच चोर नव्हते. रोमा लोकांचं, ज्यांना युरोपात हेटाळणीने 'जिप्सी' म्हणत, उदाहरण घ्या. म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ मध्येच त्यांच्या नोंदींसाठी वेगळं कार्यालय काढलं होतं. गुन्हा केला म्हणून नव्हे, तर त्या समाजात जन्मले म्हणून माणसं त्या फायलीत जात. १९३०च्या दशकात आंतरराष्ट्रीय आयोगानेही रोमांच्या 'उपद्रवा'विरुद्ध व्हिएन्नात मध्यवर्ती केंद्र उभं केलं. तेव्हा नाझी तिथे पोहोचलेही नव्हते. आपल्याला हे परकं वाटू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आपल्याकडे नेमकं हेच केलं : आख्ख्या जमाती रजिस्टरवर. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली जीप आजही येते. रजिस्टर फाडलं तरी ते वाचून तयार झालेली नजर फाडता येत नाही.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. आयोगाचा अध्यक्ष मिखाएल स्कुब्ल याला हटवून ओटो स्टाइनहोय्झल हा नाझी पोलीसप्रमुख बसवण्यात आला. तो १९४० मध्ये मेला आणि हायड्रिख अध्यक्ष झाला. मुख्यालय बर्लिनला हललं, वान्झेच्या त्या पत्त्यावर.

या हस्तांतरात कुलूप तोडावं लागलं नाही. नियम बदलावे लागले नाहीत. अध्यक्ष बदलला, एवढंच. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे अमेरिका या आयोगाची सभासद झाली ती जून १९३८ मध्ये, म्हणजे व्हिएन्ना नाझींच्या हातात गेल्यावर तीन महिन्यांनी. एफबीआयच्या एडगर हूवरची आयोगाशी देवाणघेवाण नंतरही चालू राहिली. पोलीस पोलिसांशी बोलत होते. समोरच्या खुर्चीत कोण बसलंय हा राजकारणाचा भाग, तो आपला नाही, असा सगळ्यांचा समज.

हायड्रिख १९४२ मध्ये प्रागमधल्या हल्ल्यात मारला गेला. त्याच्यानंतर एर्न्स्ट काल्टेनब्रुनर आला. जून १९४६ मध्ये ब्रुसेल्सला आयोगाची पुन्हा बांधणी करण्यासाठी बैठक भरली, तेव्हा हा मावळता अध्यक्ष न्यूरेंबर्गमध्ये आरोपीच्या पिंजऱ्यात होता. ऑक्टोबरात त्याला फाशी झाली.

ब्रुसेल्सच्या बैठकीत काय ठरलं? मुख्यालय पॅरिसला. तारेचा पत्ता म्हणून एक छोटा शब्द, 'इंटरपोल', जो १९५६ मध्ये संस्थेच्या अधिकृत नावात शिरला. आणि रंगांची पद्धत : पकडायचा असेल तर लाल, माहिती हवी तर निळी, बेवारस मृतदेहाची ओळख पटवायची तर काळी. आज बातम्यांत येणारी 'रेड नोटीस' तिथली. फायलींवर देखरेख कोणाची, या प्रश्नाला मात्र तेव्हा कोणी हात लावला नाही. युद्ध संपून वर्षच झालं होतं. सगळ्यांना काम सुरू करायची घाई होती. ही घाई मला कळते, तरी खटकते.

पहिला फटका चार वर्षांत बसला. मार्च १९५० मध्ये कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातून तीन प्रवासी विमानं पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकी तळावर उतरवली गेली. आत पळून आलेली माणसं होती. प्रागने त्यांच्या शोधासाठी इंटरपोलचंच जाळं वापरलं. अमेरिकेच्या दृष्टीने हे निर्वासित, प्रागच्या दृष्टीने अपहरणकर्ते. हूवर संतापला आणि त्याच वर्षाच्या शेवटी एफबीआय बाहेर पडली. १९३८ मध्ये ज्याला नाझी अध्यक्ष चालला, त्याला १९५० मध्ये कम्युनिस्ट सभासद चालला नाही, असा टोमणा इथे मारता येईल. पण मुद्दा हूवरचा बरोबर होता. इंटरपोलच्या १९५६ च्या घटनेत तिसरं कलम आहे : राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या कोणत्याही कामात संस्थेने पडायचं नाही. सुंदर कलम. फक्त एखादी विनंती राजकीय आहे हे ठरवायचं कोणी? ज्याचं नाव कार्डावर आहे त्याला ते कार्ड दिसत नाही, आणि ज्यांना दिसतं त्यांना तक्रार नसते.

या कोड्याचं उत्तर पोलिसांकडून आलं नाही. ते फ्रान्सच्या एका कायद्यातून आलं, आणि त्या कायद्यामागेही कार्डंच होती.

१९४० च्या शरद ऋतूत जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये ज्यूंना पोलीस ठाण्यात जाऊन नाव नोंदवायला सांगितलं गेलं. सुमारे दीड लाख लोकांनी ते केलं. कायदा पाळणारी माणसं होती ती. आंद्रे तुलार नावाच्या अधिकाऱ्याने पोलीस मुख्यालयात त्यांची कार्डं लावली : एक गठ्ठा आडनावाप्रमाणे, दुसरा रस्त्याप्रमाणे, तिसरा व्यवसायाप्रमाणे, चौथा राष्ट्रीयत्वाप्रमाणे. एकाच तक्त्यावर चार इंडेक्स. कॉलेजात डीबीएमएसच्या पेपरात याला पूर्ण मार्क मिळाले असते. जुलै १९४२ मध्ये दोन दिवसांत फ्रेंच पोलिसांनी याच कार्डांवरून पत्ते काढत सुमारे तेरा हजार माणसं उचलली, त्यात हजारो मुलं.

ही आठवण फ्रान्समध्ये पुरली गेली होती, मेली नव्हती. मार्च १९७४ मध्ये 'ल मोंद' या दैनिकाने बातमी फोडली की सरकार सगळ्या खात्यांच्या फायली प्रत्येक नागरिकाच्या एकाच क्रमांकाने जोडणार आहे. प्रकल्पाचं नाव होतं सफारी. बातमीचा मथळा, मराठीत आणला तर : 'सफारी, अर्थात फ्रेंचांची शिकार'. गदारोळ झाला, प्रकल्प गुंडाळला गेला आणि ६ जानेवारी १९७८ रोजी माहितीसंरक्षणाचा कायदा आला. त्यासोबत 'क्निल' नावाचं स्वतंत्र प्राधिकरण आलं. पोलिसांच्या फायलीत तुमच्याबद्दल काय आहे हे तुम्हाला थेट पाहता येणार नाही, पण प्राधिकरणाचा माणूस तुमच्या वतीने जाऊन पाहू शकेल, अशी तरतूद त्यात होती.

आता इंटरपोलचं मुख्यालय १९६६ पासून पॅरिसलगतच्या सँ-क्लू या गावात होतं. म्हणजे फ्रेंच भूमीवर. मग हा कायदा तिच्या फायलींना लागू का होऊ नये?

इंटरपोलचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे, कारण आजही ते रोज ऐकू येतं. या फायली आमच्या नाहीत, असं ती म्हणाली. देश माहिती पाठवतात, मालकी त्यांचीच राहते, आम्ही फक्त मधले. उद्या फ्रान्सचा अधिकारी येऊन ब्राझीलने पाठवलेला कागद चाळू लागला, तर ब्राझील कागद पाठवणंच बंद करेल. यातला पहिला भाग आजच्या सोशल मीडिया कंपन्यांच्या तोंडी हुबेहूब शोभेल. दुसरा भाग मात्र नुसती सबब नव्हता. भरवसा तुटला की सहकार्य खरंच थांबतं, आणि मग मुलांची तस्करी करणाराही सुटतो. उलट बाजूने फ्रान्सचा प्रश्नही साधा होता : आमच्याच जमिनीवर, आमच्याच नागरिकांची नावं असलेलं एक कपाट आहे आणि त्याला जगातला एकही कायदा लागू नाही, हे कसं?

बरीच वर्षं घासाघीस झाली. नोव्हेंबर १९८२ मध्ये तडजोड निघाली. फ्रान्सचा कायदा इंटरपोलच्या फायलींना लागू होणार नाही. त्या बदल्यात इंटरपोल स्वतःचं एक स्वतंत्र पाच जणांचं मंडळ नेमेल, त्यात फ्रान्सने नेमलेली व्यक्तीही असेल, आणि कुठल्याही देशाचा कुठलाही माणूस त्या मंडळाला लिहून आपल्याबद्दलची नोंद तपासून घ्यायला सांगू शकेल. आज या मंडळाला 'फायलींच्या नियंत्रणाचा आयोग' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी सीसीएफ.

शेवटचं वाक्य लहान दिसतं, पण १९२३ पासून पहिल्यांदाच कार्डावरच्या माणसाला कपाटाशी बोलायची एक खिडकी मिळाली होती.

याच काळात भारतात एक प्रकरण गाजत होतं, आणि ते आठवल्याशिवाय हा इतिहास एकांगी होईल. चार्ल्स शोभराज. १९७५-७६ मध्ये थायलंड आणि नेपाळमध्ये परदेशी तरुण प्रवाशांचे खून पडले. मारलेल्यांचे पासपोर्ट घेऊन, त्यावर स्वतःचा फोटो चिकटवून हा माणूस सीमा ओलांडत राहिला. बँकॉकच्या डच वकिलातीतल्या हर्मन क्निपेनबर्ग या तरुण अधिकाऱ्याने जवळजवळ एकट्याने पुरावे गोळा केले. तो पोलीसही नव्हता. मेलेल्या माणसाचा पासपोर्ट सीमेवर चालतो, कारण तो मेलाय हे सीमेवरच्या शिपायाला सांगणारी यंत्रणाच नाही, अशी ती अवस्था. १९७६ मध्ये शोभराज दिल्लीत पकडला गेला, मार्च १९८६ मध्ये तिहारमधून पळाला, आणि ६ एप्रिलला गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो' रेस्टॉरंटमध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला बसल्या जागी धरलं. झेंड्यांनी १९७१ मध्येही त्याला एकदा पकडलं होतं. चेहरा ओळखीचा होता. मनोज वाजपेयीचा सिनेमा पाहिलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. मला त्यातली दुसरी बाजू दिसते : एवढ्या देशांना हवा असलेला माणूस अखेर एका इन्स्पेक्टरच्या आठवणीमुळे सापडला.

म्हणून डेटाबेस हवाच. २००२ पासून हरवलेल्या-चोरलेल्या पासपोर्टांची जागतिक यादी इंटरपोल ठेवते, २००३ पासून सगळ्या देशांना जोडणारं तिचं सुरक्षित जाळं आहे. आणि यादी असूनही ती कोणी उघडली नाही तर काय होतं, तेही दिसलं. ८ मार्च २०१४ रोजी बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या एमएच-३७० विमानात दोघे जण चोरीच्या पासपोर्टवर चढले होते. दोन्ही पासपोर्ट यादीत होते. पाहिलेच नव्हते. (विमान हरवण्याशी त्या दोघांचा संबंध असल्याचं पुढे आलं नाही.)

मात्र जाळं वेगवान झालं आणि लाल नोटिसांची संख्याही. २००१ मध्ये वर्षभरात सुमारे चौदाशे निघाल्या, २०१६ मध्ये बारा हजारांवर. २००९ पासून देशांचे कक्ष स्वतःच सिस्टीममध्ये नोटीस भरू लागले. तपासणी व्हायच्या आधीच ती इतर देशांना दिसू लागे. आमच्याकडे याला रिव्ह्यूआधीच प्रॉडक्शनवर टाकणं म्हणतात आणि त्यावरून शिव्या बसतात. इथे नुसत्या बगने भागत नाही.

हकीम अल-अराइबी बहारीनच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला फुटबॉलपटू. एका पोलीस ठाण्याची नासधूस केल्याच्या आरोपावरून त्याला तो हजर नसताना दहा वर्षांची शिक्षा झाली. घटनेच्या सुमारास तो टीव्हीवर थेट प्रक्षेपित होणाऱ्या सामन्यात खेळत होता, असं त्याचं म्हणणं. २०१४ मध्ये तो ऑस्ट्रेलियाला पळाला, २०१७ मध्ये तिथे त्याला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली. नोव्हेंबर २०१८ च्या सुरुवातीला बहारीनच्या विनंतीवरून त्याच्यावर लाल नोटीस निघाली. वास्तविक इंटरपोलचंच धोरण सांगतं की ज्या देशातून माणूस जिवाच्या भीतीने पळाला, त्याच देशाच्या सांगण्यावरून त्या निर्वासितावर नोटीस काढायची नाही. त्या महिन्याच्या २७ तारखेला तो बायकोला घेऊन हनिमूनला बँकॉकला उतरला आणि विमानतळावरच अडकला. तो येतोय हे थायलंडला कळवलं होतं ऑस्ट्रेलियाच्याच इंटरपोल कक्षाने. तो निर्वासित आहे ही माहिती त्याच देशाच्या दुसऱ्या खात्यात पडून होती.

तीन दिवसांत, ३० नोव्हेंबरला, इंटरपोलने नोटीस मागे घेतली. तो सुटला ११ फेब्रुवारी २०१९ रोजी. एकूण ७६ दिवस.

हे ७६ दिवस मला फार महत्त्वाचे वाटतात. ल्योंमधल्या सर्व्हरवरून नोंद गेली होती, थाई तुरुंगातून माणूस गेला नव्हता. नोटिशीची प्रत थायलंडमध्ये पोहोचली होती आणि तिने तिथे स्वतःचं आयुष्य सुरू केलं होतं : अटक, कोर्ट, प्रत्यार्पणाचा अर्ज. पायात बेड्या घालून त्याला कोर्टात आणलेला फोटो जगभर गेला, फुटबॉलवाल्यांनी मोहीम उघडली, तेव्हा बहारीनने अर्ज मागे घेतला. तो फुटबॉलपटू नसता तर?

युरोपातल्या ग्राहकांसाठी काम करताना 'माझी माहिती पुसा' अशा विनंत्या येतात, त्यांचा कोड लिहिताना याची छोटी आवृत्ती आम्हाला रोज भेटते. ओळ पुसली जातच नाही बहुतेकदा. 'डिलीटेड' नावाच्या कॉलममध्ये टिक होते. खरोखर पुसली तरी बॅकअपमध्ये असते, रिपोर्टमध्ये असते, कोणीतरी मेलमधून पाठवलेल्या एक्सेलमध्ये असते. जाळ्यात नोंद पाठवायला एक सेकंद लागतो, परत बोलवायला यंत्रणाच नसते. इंटरपोल नोंद काढते तेव्हा सगळ्या देशांना तुमच्याकडची प्रतही काढा असं कळवते. ती काढली का, हे प्रत्येक देशाच्या मर्जीवर.

आता उलटं उदाहरण, आणि ते आपल्या घरचं. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला, सुमारे तेरा हजार कोटींचा म्हणून गाजलेला घोटाळा. त्यातला आरोपी हिरे व्यापारी मेहुल चोक्सी. त्याच्यावर डिसेंबर २०१८ मध्ये लाल नोटीस निघाली. त्याने सीसीएफकडे दाद मागितली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली. मग मे २०२१ मध्ये तो अँटिग्वातून गायब होऊन डॉमिनिकात सापडला आणि आपलं अपहरण झाल्याचा आरोप त्याने केला. त्यानंतर पुन्हा अर्ज. नोव्हेंबर २०२२ मध्ये सीसीएफने नोटीस काढून टाकली. त्याला भारतात नेण्याच्या हेतूने अपहरण झालं असण्याची शक्यता आयोगाला विश्वासार्ह वाटली होती. बातमी मार्च २०२३ मध्ये फुटली आणि सीबीआयने या निर्णयावर कडक शब्दांत टीका केली. गुन्ह्याबद्दल आयोगाने काहीच निकाल दिलेला नाही, हेही सीबीआयनेच स्पष्ट केलं.

आमच्या ग्रुपवर त्या दिवशी जे मेसेज आले ते इथे छापण्यासारखे नाहीत. राग समजतो. ठेवीदारांचा पैसा, आणि पाच जण ल्योंमध्ये बसून सांगतात की हे नाव यादीतून काढा. पण ज्या खिडकीशी जाऊन चोक्सीने अर्ज केला, ती १९८२ च्या तडजोडीतून आलेलीच खिडकी आहे. फक्त आपल्याला आवडणाऱ्या माणसांसाठी उघडणारी खिडकी बांधता येत नाही. आणि नोटीस गेल्याने आकाश कोसळलंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या प्रत्यार्पणाच्या मागणीवरून चोक्सीला बेल्जियममध्ये अटक झाली, लाल नोटिशीविना. दोन देश, कागदपत्रं, कोर्ट. संथ रस्ता, पण कोर्टातून जाणारा. लाल नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे, हे इंटरपोल स्वतःच सांगत असते. आपण बातम्या वाचताना ते विसरतो.

भारत इंटरपोलचा सभासद १९४९ पासून आहे. आपला कक्ष सीबीआयमध्ये, दिल्लीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटरपोलची आमसभाही दिल्लीत भरली होती. कोणाचं नाव बाहेर पाठवायचं आणि बाहेरून आलेलं नाव इथल्या कोणत्या यादीत उतरवायचं, ते या कक्षातून ठरतं. या बाजूला खिडकी आहे का? २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याच्या सतराव्या कलमात गुन्ह्याचा तपास आणि प्रतिबंध यासाठीच्या माहितीला बऱ्याच तरतुदींतून सूट आहे, आणि देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या एखाद्या यंत्रणेला अख्ख्या कायद्यातूनच वगळू शकतं. फ्रान्सच्या १९७८ च्या कायद्यातला तो मधला माणूस, जो तुमच्या वतीने जाऊन पोलिसांची फाईल पाहतो, तो आपल्या कायद्यात नाही.

त्यामुळे आपलं नाव त्या जाळ्यात आहे का, असं एखाद्या भारतीयाला वाटलंच, तर आज त्याला पत्र लिहावं लागतं थेट फ्रान्सला, ल्योंला. १९८९ पासून इंटरपोलचं मुख्यालय तिथे आहे. सीसीएफकडे अर्ज करायला फी नाही, वकील लागतोच असं नाही. अर्ज इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा अरबीत हवा. साइटवर जी नावं दिसतात त्यावर विसंबून चालत नाही, कारण बहुतेक लाल नोटिसा जाहीर केल्याच जात नाहीत; त्या फक्त पोलिसांना दिसतात. शिवाय देश एकमेकांना थेट पाठवतात ते संदेश वेगळेच. अर्ज दाखल करून घेतल्यापासून चार महिन्यांत माहितीबद्दलचा निर्णय अपेक्षित असतो, नोंद पुसायची असेल तर नऊ महिन्यांत. त्या उत्तरात अर्जदाराला काय सांगायचं, हे मात्र आधी त्या देशाला विचारलं जातं, ज्याने त्याचं नाव पाठवलं.